मलाही दिसत नाही

शाहूपुरी, कोल्हापूर
९ जानेवारी २०२५

प्रिय प्रितू,

सप्रेम जयभीम.

तू मिरजेला आक्काकडे गेल्यापासून तुझा फोन बंदच आहे, म्हणून पत्र लिहिते. पत्ता मामीकडून घेतला. देताना ती एवढंच म्हणाली, "लिव्ह बाई, तुझं तरी ऐकंल." थोरल्या बहिणीकडे जरा विसावा मिळतोय ना? आक्काच्या बाळाला दात आले का? की अजून बोटंच चावतंय?

इकडे सगळे बरे आहेत. वडगावच्या घराच्या स्लॅबखालच्या फळ्या काढल्या. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधलेला गवंडी स्वतःच्या छताखाली उभा राहिला की कसा दिसतो, ते तू बघायला हवं होतंस. आप्पा बराच वेळ मान वर करून उभे होते. मग म्हणाले, "त्या कोपऱ्यात जरा बाक आलाय." आई म्हणाली, "बाक छताला न्हाय आला, तुमच्या मानंला आलाय. खाली बघा आता."

दादाची शिरोलीच्या फौंड्रीतली पाळी बदलली. तो फारसा बोलत नाही, पण आधी तरी कुठं बोलायचा? तुझ्यावर त्याचा राग नाही, एवढं मी खात्रीनं सांगते.

स्लॅबच्या दिवशी पंगतीत आप्पांनी मामाला तसं बोलायला नको होतं. तू जन्मल्यापासून दोन्ही घरं म्हणत आली, मामाची पोर म्हणजे आमच्या प्रसेनजीतचीच बायको. ते लग्न तुला नको आहे, हे तुझ्या वडिलांना भरल्या पंगतीत, हातात वाढपाचं पातेलं असताना कळावं, हे वाईटच झालं. त्याबद्दल मी आज जास्त लिहीत नाही. लिहून काय होणार?

मी लिहितेय ते वेगळ्या कारणासाठी. तू आमच्या समुपदेशन केंद्राला पाठवलेली तक्रार उदयसिंह सरांनी मला दाखवली. रोहिणी मॅडमना विश्वासानं सांगितलेली गोष्ट त्यांनी बाहेर फोडली, असं तू लिहिलं आहेस. येत्या वीस तारखेला, सोमवारी, विश्वस्तांची बैठक आहे. मॅडमना काढणार असं सगळे धरूनच चाललेत.

प्रितू, तक्रार मागे घे.

मॅडम तशा नाहीत गं. त्या जैन आहेत, दिवस मावळायच्या आत जेवतात. पण डबा उघडलेला असताना एखादी बाई रडत आली, तर डबा तसाच झाकून ठेवतात. तिचं बोलणं संपेपर्यंत अंधार पडतो आणि त्या उपाशीच घरी जातात. हे मी कितीदा तरी पाहिलंय. अशी बाई तुझं बोलणं वडगावच्या एका गवंड्याला कशाला सांगायला जाईल? त्या आप्पांना ओळखतही नाहीत.

कॉम्प्युटरच्या बाजूनं मी बघितलंय. तिकडे काही नाही. कदाचित बोलता बोलता तूच कुणाजवळ तरी म्हणाली असशील आणि विसरली असशील. शिवणकामाच्या युनिटमध्ये शेजारच्या मशीनवर ती तानाबाई बसते, तिच्याजवळ? जरा आठवून बघ.

आक्काला जयभीम सांग. बाळाला पापा.

तुझीच,
निशा


शाहूपुरी, कोल्हापूर
१८ जानेवारी २०२५

प्रितू,

जयभीम.

तुझं पत्र मिळालं. ते इतकं लहान आहे की मला पाठच झालंय.

"निशे, मी ते वाक्य त्या खोलीत सोडून कुठंच बोलले न्हाय. तानाबाईला तर माझं लगीन ठरलेलं हाय हे पण म्हाईत न्हाय. तूच म्हणतीस कॉम्प्युटरातनं कुणाला दिसत न्हाय. मग बाईच बोलल्या. दुसरं कोण बोलणार? तू शिकलेली हाईस, तूच सांग की."

सांगते.

आधी एक जुनी गोष्ट लिहिते. ती सबब म्हणून लिहितेय असं तुला वाटेल. थोडी आहेही. आपल्या गल्लीत कुणाच्याही घरी कागद आला की तो माझ्याकडे यायचा, आठवतं? मी पाचवीत असल्यापासून. दवाखान्याचे रिपोर्ट, कोर्टाच्या नोटिसा, कुणाच्या नवऱ्याची पुण्याहून आलेली चिठ्ठी. उंबऱ्यावर बसून मी मोठ्यानं वाचायची आणि बायका पदर तोंडाला लावून ऐकायच्या. कुणाला गर्भपिशवीचा आजार, कुणाचा जावई दारूडा, सगळं मला माहीत असायचं. आप्पा कौतुकानं म्हणायचे, "आमच्या निशीला कुठलाबी कागद द्या." दुसऱ्याचा कागद न वाचता परत द्यायचा असतो, हे मला कुणी शिकवलं नाही. आपल्या घरात कपाटाची किल्लीसुद्धा कपाटालाच लटकलेली असते. बी.सी.ए.च्या तीन वर्षांत शिकवलं असेल, पण ते मी परीक्षेपुरतं शिकले.

केंद्रात लागले तेव्हाही तसंच झालं. सगळ्यांच्या फाईली एकाच मोठ्या कॉम्प्युटरवर असतात आणि प्रत्येक जण आपल्या टेबलावरून त्या उघडतो. तो कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझं. कुणी पासवर्ड विसरलं की निशा. प्रिंटर अडला की निशा. सगळ्या दारांना चालणारी एकच किल्ली असते, तशी माझ्या खात्याला ताकद आहे. आपल्या घराण्यात पहिल्यांदा कुणाला तरी अशी किल्ली मिळाली होती, आणि मला तिचा फार अभिमान होता.

गेल्या जूनमध्ये रोहिणी मॅडमनी मला विचारलं होतं, "निशा, बायकांच्या फाईली मी ठेवते त्या शिपायाला, सरांना दिसत नाहीत, हे कळलं. तुला दिसतात का गं?"

त्यांच्या फोल्डरला मी कुलूप घातलं होतं. त्यावर 'निशाला परवानगी नाही' असंही लावलं होतं. पण ती पाटी लावणारी मीच आणि मनात आलं तर काढणारीही मीच. हे मला माहीत होतं. तरी मी म्हणाले, "नाही मॅडम, मलाही दिसत नाही."

त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं की फाईलचा मजकूरच असा बदलून ठेवता येतो की शब्द ठाऊक असलेल्यालाच तो वाचता येतो, कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यालासुद्धा नाही. "तसं करून दे ना," म्हणाल्या. मी म्हणाले, "आणि तुम्ही शब्द विसरलात तर? मग मीसुद्धा काही करू शकणार नाही." त्या हसून म्हणाल्या, "तेच तर हवंय." मी बघते म्हणाले, आणि बघितलं नाही. काम अर्ध्या दिवसाचं होतं. त्या इमारतीत मला उघडता न येणारी एकही गोष्ट नाही, हे मला आवडत होतं. दुसरं कारण शोधूनही सापडत नाही.

त्यानंतर तू मला विचारलंस. गणपतीच्या सुट्टीत हातकणंगल्याला तुमच्या मागच्या दारी आपण भांडी घासत होतो. "निशे, तुमच्याकडं कुणी बाई बोलून गेली तर भाईर कळतं का गं?" मी राखेचे हात झटकून मोठं भाषणच दिलं. आमच्याकडचं वाऱ्यालाही कळत नाही, बंदोबस्त मी स्वतः केलाय, मलाही दिसत नाही. तू म्हणालीस, "मग मी येणार हाय. कशाला ते इचारू नगंस." मी शपथ घेतली. तू त्या शपथेच्या भरवशावर आलीस. मॅडमची तर तुला ओळखही नव्हती. तू माझ्यावर विश्वास ठेवून त्यांच्यासमोर बसलीस.

दिवाळीनंतर नवा कॉम्प्युटर आला. जुन्यातल्या फाईली नव्यात न्यायच्या होत्या. नेल्यावर नीट उघडतात का, हे बघायला एखादी फाईल उघडावी लागते. बाकीच्या विभागांच्या कितीतरी साध्या फाईली होत्या. हिशेबाची उघडली असती, सभेची सूचना उघडली असती. मॅडमच्या फाईलींना नावं नसतात, नुसते क्रमांक असतात. पण तू कुठल्या दिवशी आलीस ते मला ठाऊक होतं.

तपासायला कुठलीही एक चालली असती. मी तुझी उघडली.

पाटी काढली, उघडली, वाचली आणि पाटी परत लावली. चहा गार व्हायच्या आत सगळं झालं. कुणी काय उघडलं याची नोंद ठेवायची सोय असते, ती मी चालूच केली नव्हती. म्हणजे उद्या कुणी शोधलं तरी सापडणार नाही. तेव्हा मला चोरी केल्यासारखं वाटलंही नाही. उंबऱ्यावर बसून कुणाचा तरी कागद वाचला, इतकंच वाटलं.

त्यात तुझं ते वाक्य होतं. "मला आत्तीच्या घरात पावणी म्हणून जायला आवडतंय, सून म्हणून न्हाय." मॅडमनी ते तुझ्याच बोलीत, जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं.

माझं डोकं फिरलं. दर चौदा एप्रिलला स्टेजवर उभी राहून मी मुलींच्या हक्कावर बोलते, आणि माझ्याच घरात मुलीच्या मनाविरुद्ध लग्न होणार? मी गप्प बसले तर मग शिकून उपयोग काय? असंच वाटलं, खरंच. पुढच्या रविवारी आप्पा बांधकामावर विटा भिजवत होते, तिथं जाऊन मी म्हणाले, "आप्पा, प्रीतीला दादाशी लग्न करायचं नाही." ते म्हणाले, "कोण म्हणतंय?" मी म्हणाले, "कोण ते विचारू नका. पण तिचेच शब्द आहेत." आणि ते वाक्य त्यांना सांगितलं. आप्पांनी पाण्याचा डबा खाली ठेवला. म्हणाले, "एवढं झालंय व्हय? आणि तुझा मामा मला तारीख काढा म्हणतोय!" मी सांगितलं म्हणून कुणाला कळू देऊ नका, एवढं वचन मी घेतलं. ते त्यांनी पाळलं. माझं नाव आजवर त्यांच्या तोंडून निघालेलं नाही. त्यामुळेच तुला रोहिणी मॅडमशिवाय कुणी दिसेना.

मला वाटलं होतं, आप्पा मामाला बाजूला घेऊन हळू सांगतील. माझ्या बापाला मी इतक्या वर्षांत ओळखलं नाही. मामानं पंगतीत थट्टा केली, "दाजी, छत झालं, आता सून आणा की!" आणि आप्पांनी हातातला घास ताटात टाकून सगळ्यांदेखत म्हटलं, "तुझी पोरगी आमच्या घरात पावणी म्हणून याला तयार हाय, सून म्हणून न्हाय. इचार तिला, व्हय का न्हाय!"

मामाचा चेहरा मी बघितला नाही. तुझा बघितला. तू भाकऱ्यांची पाटी घेऊन दारात उभी होतीस. तुझेच शब्द तुझ्याकडे परत येताना तू ऐकलेस. आईनं पदर डोळ्याला लावला आणि दादा ताटावरून उठून वर स्लॅबवर गेला. ओल्या स्लॅबवर पाय देऊ नको म्हणून मिस्त्री ओरडत राहिला. त्याच्या पायाचे दोन ठसे तिथं अजून आहेत. आप्पांनी ते बुजवले नाहीत.

तुझी तक्रार आल्यावर उदयसिंह सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. रोहिणी मॅडम आधीच तिथं बसलेल्या होत्या. सर म्हणाले, "निशा, यातलं तुलाच कळतं. सरळ सांग. ती फाईल मॅडम सोडून कोण उघडू शकतं?"

मी म्हणाले, "कोणी नाही, सर."

"तू?"

"मलाही दिसत नाही."

सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मॅडमकडे बघून मान हलवली, एखाद्याचं वाईट वाटतं तशी. मॅडमनी स्वतःच्या बाजूनं अवाक्षर काढलं नाही. तुझ्याबद्दल एक वाक्य जरी बोलल्या असत्या, तरी तुझं आणखी काहीतरी बाहेर आलं असतं. बाहेर पडताना जिन्यात त्या थांबल्या. म्हणाल्या, "निशा, जूनमध्ये मी तुला एकदा विचारलं होतं. आज परत विचारत नाही." आणि खाली उतरून गेल्या. यानंतर मी तुला पहिलं पत्र लिहिलं. यानंतर, प्रितू. त्यात तानाबाईचं नाव घातलं.

तुझं उत्तर वाचून काल मॅडमसमोर जाऊन उभी राहिले. त्या डबा खात होत्या. मी सगळं सांगितलं. या वेळी त्यांनी डबा झाकला नाही. शेवटचा घास खाऊन, हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "माझी माफी नंतर. आधी प्रीतीला सांग. गेलं ते तिचं गेलंय." मग जरा वेळानं, "आणि मी मागितलं होतं ते काम आज कर."

ते केलं. त्यांनी शब्द टाईप केला तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून उभी होते. खाली दुकानाबाहेर टेम्पोतून पत्र्याचे डबे उतरवत होते. मग मी माझ्या खात्यातून, सगळ्या दारांच्या त्या किल्लीनं, त्यांच्या फाईली उघडून पाहिल्या. नुसती चिन्हं, वेडीवाकडी, ओळीच्या ओळी. मॅडमनी विचारलं, "आता?" मी म्हणाले, "आता खरंच दिसत नाही."

तुझी फाईल त्यांनी बाजूला ठेवली आहे. ती ठेवायची की पुसायची, हे तू सांगायचं. ठेवायची झाली तर तू येऊन तुझा शब्द घाल, मॅडमनाही न कळणारा. मी त्या खोलीत नसेन. बहुतेक त्या इमारतीतही नसेन.

सरांना मी लेखी दिलंय. सोमवारच्या बैठकीत ते वाचलं जाईल. मॅडमवरचा ठपका निघेल, असं सर म्हणाले. तक्रार तू मागे घेऊ नकोस. फक्त तिच्यातलं नाव बदल.

घरी मी अजून काही सांगितलेलं नाही. भीतीनं नाही, म्हणजे नुसत्या भीतीनं नाही. मी कुठून वाचलं हे सांगायचं, तर तू केंद्रात गेली होतीस हे सांगावं लागेल, आणि ते घरी कुणाला माहीत नाही. नोकरी गेली तर आप्पा कारण विचारतील. काय सांगायचं ते तू ठरव. तू म्हणशील तेवढंच सांगेन. गप्प राहा म्हणालीस तर गप्प राहीन, आप्पा काय वाटेल ते समजोत.

एक राहिलं. हे पत्र इथंच संपवावं असं सकाळपासून मनात येतंय, म्हणूनच लिहिते. त्या फाईलीत तुझ्या वाक्याखाली आणखी एक ओळ होती. "आत्तीच्या घराचं काम उरकू दे. मग प्रसेनला मी स्वतः सांगणार, एकट्याला. त्याचा मान राहील असं." ती ओळही मी वाचली होती, प्रितू. वाचून मला वाटलं, हिला जमायचं नाही, मीच करते. दादा तुझ्या तोंडून ऐकणार होता. त्यानं ते पंगतीत ऐकलं. तुझ्याजवळ मार्ग होता. तुला मी सोडवणार म्हणून गेले, आणि तू स्वतः शोधलेला मार्गच काढून घेतला.

मला माफ कर असं लिहीत नाही. लिहिलं तर तुला उत्तर द्यावं लागेल.

पाकिटाला डिंक दोनदा लावलाय. आक्काला सांगितलंय, तुझ्याशिवाय कुणी फोडू नये. तू न वाचता फाडलंस तरी ते तुझं आहे.

गल्लीतल्या सगळ्यांचे अर्ज मीच लिहायची आणि प्रत्येकाखाली न विचारता 'आपला विश्वासू' लिहून द्यायची. काल सरांना लिहिताना तो शब्द हातून उतरला नाही. तुलाही मागच्या वेळी 'तुझीच' लिहिलं होतं. या वेळी ती जागा मोकळी सोडते. तिथं काय लिहायचं, ते तू ठरव.


निशा